दहाव्याची दोन पानं

साईनाथ चाळके मेलेल्या माणसांवर लिहितो, हे डोंबिवलीजवळच्या कोपरमध्ये बहुतेकांना माहीत आहे. कुणाच्या घरी माणूस गेला की चार-पाच दिवसांत त्याला फोन येतो. दहाव्याला खाडीच्या घाटावर विधी होतो, महाराजांचं प्रवचन होतं, आणि नंतर गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायला कुणीतरी लागतं. ते दोन शब्द साईनाथ लिहून आणतो आणि उभा राहून वाचतो. दोन पानं, त्यापेक्षा जास्त नाही. उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तिसरं पान ऐकू येत नाही, असं त्याचं म्हणणं.

तो काही लेखक नव्हे. विठ्ठलवाडीच्या बाजूला टाक्या बनवणारा एक कारखाना होता, तिथे तो वेल्डर होता. शिक्षण नववीपर्यंत. लिहायला लागला तो रागाने. जोडीला काम केलेला एक फिटर वारला. दहाव्याला एक पुढारी बोलायला उभा राहिला. गेलेला माणूस अत्यंत प्रेमळ होता, मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, असं म्हणाला आणि वर त्याचं नावही चुकवलं. नाव चुकलं याचं साईनाथला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं वाटलं, की नाव चुकूनही भाषण कुठे अडलं नाही. ते कुणालाही बसलं असतं.

तेव्हापासून तो स्वतः लिहू लागला आणि लिहिता लिहिता त्याची एक पद्धत बसली. घरी जायचं, पहिल्या दिवशी कागद काढायचा नाही, नुसतं बसायचं. माणूस कसा होता असं विचारायचं नाही, कारण त्याचं उत्तर सगळ्या घरांत एकच मिळतं. तो हाताने काय करायचा ते विचारायचं. ताट कसं धुवायचा, कुलूप लावलं की किती वेळा ओढून बघायचा. मग लिहायचं, उभं राहून मोठ्याने वाचायचं, आणि जो शब्द दुसऱ्या कुठल्याही मेलेल्याला लागू पडेल तो कापायचा. प्रेमळ गेला, मनमिळाऊ गेला. कष्टाळू तर सगळ्यात आधी. कष्ट काय केले ते सांग, मग लोक आपोआप म्हणतील कष्टाळू होता.

मेघना त्याच्याकडे येऊ लागली ती यासाठीच. मेघना म्हणजे कारखान्यात साईनाथबरोबर काम केलेल्या देवराम गुंजाळची सून. साईनाथच्या पुढच्या गल्लीत त्यांचं घर. ती डोंबिवलीत एका लॅबच्या काउंटरवर बसायची, रक्त तपासायला येणाऱ्यांची नावं घ्यायची, आणि उरलेल्या वेळात कथा लिहायची. दिवाळी अंकाला पाठवलेली एक कथा परत आली होती. तिने ती साईनाथला दाखवली.

त्याने चष्मा लावून सगळी वाचली. खाली ठेवली.

"कुणी सांगितलं असं लिहायला?"

"कार्यशाळेला गेलेले मी. एक दिवसाची. स्वतःचा आवाज शोधा, असं सांगितलं त्यांनी."

"सापडला?"

"काका, टोमणा मारू नका."

"अगं, आवाज शोधायला कुठं जायचंय? तो घशातच असतो. बाकीचं खाकरून काढायचं, एवढंच." त्याने पहिल्या पानावर बोट ठेवलं. "हे पहिलं पान पूर्ण वेल्डरचं टाका मारणं झालं. नुसतं जागेवर धरून ठेवलंय. जोड दुसऱ्या पानावर सुरू होतो. तिथून सुरू कर."

"आणि हे पान?"

"फेक."

"चार दिवस लागले मला याला."

"मग चार दिवसांची सवय झाली हाताला. वाया नाही गेलं. पण फेक."

तिने फेकलं नाही, घरी नेऊन ठेवलं, पण पुढची कथा दुसऱ्या पानापासून सुरू केली. साईनाथ तिला असंच काहीबाही सांगत राहिला. रोज लिही, चार ओळी का होईना. महिनाभर होल्डर हातात धरला नाही तर चांगल्या वेल्डरचा हात हलतो. पात्र रडलं असं लिहू नको, ते काय करताना थांबलं ते लिही. जे माहीत नाही ते गोड शब्दांनी भरू नको. वेल्डिंगच्या पहिल्या थरावरची मळी ठोकून काढल्याशिवाय वर दुसरा थर चढवला तर जोड वरून चकाचक दिसतो, आणि आत पोकळी राहते. माहीत नसेल तर जाऊन विचार. विचारायला लाज वाटत असेल तर लिहू नको.

मेघना ऐकायची, वादही घालायची. तुम्ही सगळ्याचं वेल्डिंग करता, असं एकदा म्हणाली. त्यावर तो म्हणाला, मला तेवढंच येतं.

एका रविवारी ती कथा न घेता आली.

"बाबांनी बोलावलंय तुम्हाला. त्यांचं लिहायचंय."

"कुणाचं?"

"त्यांचंच. त्यांना ऐकायचंय."

देवरामच्या फुप्फुसांचं दुखणं वर्षभर चाललं होतं, घरात ऑक्सिजनचं मशीन आणून ठेवलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. हे साईनाथला माहीत होतं. तो अधूनमधून जाऊन बसायचाही. पण देवरामचं लिहायचं म्हणजे काय, हेही त्याला माहीत होतं.

कारखाना बंद पडून वीसेक वर्षं झाली होती. मालकाने एका सकाळी टाळं लावलं. कामगारांचा पगार थकलेला. हातात एकच गोष्ट होती, मशिनं. ती बाहेर जाऊ द्यायची नाहीत म्हणून गेटासमोर मंडप टाकला आणि पाळ्या लावल्या. एक पाळी पुढच्या गेटावर, एक मागच्या. पाच महिने हे चाललं. मग एका रात्री मागच्या गेटावर देवराम एकटा असताना ट्रक आले आणि सगळा खाता, म्हणजे मशिनांचा विभाग, रिकामा करून गेले. सकाळी लोकांनी बघितलं तर जमिनीतून वर आलेले बोल्ट तेवढे शिल्लक. देवराम गेटापाशी उभा होता. कुणी त्याला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? मालकाने विकत घेतला, हे सगळ्यांना समजलं. सोबत काम करणारा सहदेव भुवड त्याच्या तोंडावर थुंकला. देवराम मान खाली घालून घरी गेला आणि पुन्हा मंडपात आला नाही. पुढे मंडपही उठला.

साईनाथ त्याच्याशी आठ-दहा वर्षं बोलला नव्हता. मग देवराम मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊन स्वतः दारात आला, आणि दारात आलेल्या माणसाला परत पाठवायचं तरी कसं. तेव्हापासून येणंजाणं सुरू झालं. दोघं तब्येतीबद्दल बोलत, गावाबद्दल बोलत, जुन्या जॉबबद्दलही बोलत. त्या एका रात्रीला मात्र वळसा घालून पुढे जात.

आता त्या माणसाची दोन पानं लिहायची. त्यात ती रात्र घातली तर मरणाऱ्याच्या तोंडावर त्याला गद्दार म्हटल्यासारखं. नाही घातली तर साईनाथ आणि तो पुढारी यांच्यात फरक काय राहिला?

संध्याकाळी तो गेला. देवराम पलंगावर उशांना टेकून बसला होता. नाकात नळी. मशीन कोपऱ्यात घरघरत होतं.

"आलास," देवराम म्हणाला. "मला वाटलं टाळशील."

"टाळणार होतो."

हौसाबाई आतून आल्या. त्या देवरामच्या बायको. "भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना. जित्या माणसाचं दहावं घालायचं का आता? घरात लहान पोर आहे."

"तू गप ना," देवराम म्हणाला. "मेल्यावर मला ऐकू येणारे का? सगळ्यांचं ऐकलं ह्याच्याकडून. माझंच तेवढं ऐकायचं राहणार." तो धापा टाकत थांबला. "साई. गोड नको लिहू. मला कळतं गोड कुठलं ते."

"वेळ लागेल."

"वेळच तर नाहीये रे माझ्याकडे."

साईनाथ हसला नाही. देवरामही हसला नाही.

पहिला मजकूर त्याने आठवड्याभरात लिहिला. संगमनेरच्या बाजूच्या गावातून सोळाव्या वर्षी आलेला मुलगा, आधी हेल्पर, मग फिटर. पत्रा उचलण्याआधी दोन्ही हात पँटला पुसायची सवय. कामात कधी बसायचा नाही, आणि दुसऱ्यालाही बसू द्यायचा नाही. रात्रपाळीत सहदेव एकदा टाकीत जाऊन झोपला होता, तेव्हा देवरामने बाहेरून हातोडी मारून टाकी घंटेसारखी वाजवली होती. सहदेव कान धरून बाहेर आला आणि सगळा खाता हसला. पुढे कित्येक वर्षं देवराम त्याला सगळ्यांसमोर 'झोपाळू' म्हणायचा. हे सगळं साईनाथने लिहिलं, आणि तिथून थेट मुलाच्या लग्नावर आला.

देवरामने डोळे मिटून ऐकलं.

"पाणी भरून बघितलंस?"

टाकी तयार झाली की तिच्यात पाणी भरायचं आणि हळूहळू भोवती फिरून कुठे थेंब दिसतो ते बघायचं. देवराम त्याबद्दल बोलत होता.

"बघितलं," साईनाथ म्हणाला.

"गळतीय. मधे. तुलाही माहितीये कुठं."

साईनाथने कागद घडी करून खिशात घातले आणि निघाला.

त्यानंतर त्याला लिहिता येईना. असं कधी झालं नव्हतं. अनोळखी माणसाची दोन पानं तो दोन बैठकांत उरकायचा. आता सकाळी बसायचा, दुपारी कापायचा. एकदा त्याने लिहिलं, 'त्या रात्री जे घडलं त्याबद्दल आज बोलायला नको.' हे वाचून त्याला स्वतःचीच किळस आली. एकदा लिहिलं, 'माणूस चुकतो.' हेही सगळ्या मेलेल्यांना लागू पडत होतं. एकदा सरळ लिहिलं, 'देवराम मालकाला विकला गेला.' हे मोठ्याने वाचायला उभा राहिला आणि वाचलंच नाही.

मेघना आली तेव्हा टेबलावर कागद पसरले होते. तिला वाचू दिलं. तिने तिन्ही वाचले. सासऱ्याबद्दलचंच होतं, तरी चेहरा हलू दिला नाही, आणि हे साईनाथला आवडलं.

"काका, बाबा विकले गेले, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांना माहीत असलेलं आधी कापायचं, असं तुम्हीच म्हणता."

"ते वेगळं."

"कसं वेगळं? तुम्ही त्यांना विचारलंत कधी?"

परक्या घरात जाऊन साईनाथ बायकांना विचारत असे, कुलूप किती वेळा ओढून बघायचे. आणि ज्याच्याबरोबर इतकी वर्षं डबा खाल्ला त्याला वीस वर्षांत एक प्रश्न विचारला नव्हता. त्याला वाटत होतं, आपण मोठेपणाने विचारलं नाही. आता वाटलं, मोठेपणा कसला, उत्तर तयार होतं म्हणून विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला आणि खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला.

"देवा, त्या रात्री काय झालं?"

देवराम छताकडे बघत होता. मशीन घरघरत होतं.

"झोपलो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, झोपलो. खुर्चीवर. जाग आली तेव्हा शेवटचा ट्रक वळत होता." तो थांबला, श्वास गोळा केला. "धावलो थोडा. काय उपयोग?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? सहदेवला?"

पुढचं देवराम तुकड्यातुकड्यांनी बोलला. प्रत्येक तुकड्यानंतर थांबत होता. "विकला गेला म्हणाले. म्हटलं म्हणू देत. विकला गेलेल्या माणसाची काहीतरी किंमत तरी असते. झोपला म्हटलं असतं तर काय राहिलं असतं माझं? आख्ख्या खात्याला मी झोपू दिलं नाही."

"अरे पण गद्दार म्हणाले तुला."

"कामचुकार नाही म्हणाले."

हे तो असं म्हणाला की जणू हिशेब बरोबर होता. साईनाथला त्याची चीडही आली आणि त्याचं म्हणणं कळलंही. त्यांच्या खात्यात चोराला माफी होती, दारुड्यालाही होती. कामावर झोपणाऱ्याला नव्हती, आणि हा कायदा बऱ्यापैकी देवरामनेच केलेला होता.

"लिहू हे?"

"लिही."

"सगळ्यांसमोर वाचू?"

"मग काय तुझ्या कपाटात ठेवणार?"

स्वयंपाकघराच्या दारात हौसाबाई उभ्या होत्या. हाताला पीठ होतं. कधीपासून उभ्या होत्या ते दोघांनाही कळलं नव्हतं.

"झोपला होतात तुम्ही," त्या म्हणाल्या.

देवरामने मान भिंतीकडे वळवली.

"नळावर बायका माझा हंडा पायाने सरकवायच्या. गद्दाराची बायको म्हणून. पोराला शाळेत मारलं. मी म्हटलं, असेल बाई, घेतलं असेल मालकाकडून काहीतरी, घरासाठीच घेतलं असेल ना. वीस वर्षं मी घरात शोधतीय ते काय घेतलं ते. आणि तुम्ही झोपला होतात."

"हौसा."

"बोलू नका माझ्याशी."

त्या आत गेल्या. त्यानंतर त्यांनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. औषध देत होत्या, अंग पुसत होत्या, पण शब्द नाही. मेघनाने साईनाथला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मी विचारायलाच नको होतं." मेघना म्हणाली, "मीच सांगितलं तुम्हाला विचारायला."

साईनाथने पानं पूर्ण केली. ती एक ओळ लिहिताना त्याला कसंतरी होत होतं, म्हणून ती पटकन लिहिली आणि पुढे गेला. देवरामला ऐकवायला सकाळी जायचं ठरवलं. सकाळी देवरामच्या घराखाली ॲम्ब्युलन्स उभी होती. देवरामला खुर्चीवर बसवून जिन्यातून उतरवत होते. त्याने साईनाथकडे बघून बोटांनी कागद उलगडल्यासारखी खूण केली. साईनाथने मान हलवली, नंतर वाचतो अशी. तिसऱ्या दिवशी देवराम हॉस्पिटलमध्येच वारला. हौसाबाई शेवटपर्यंत पलंगाजवळ बसून होत्या, पण बोलल्या नाहीत.

दहाव्याला घाटावर कारखान्याची पंधरा-वीस माणसं आली. गद्दाराच्या दहाव्याला एवढी माणसं येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. बरेचजण साईनाथ काय वाचतो ते ऐकायला आले होते. सहदेव भुवड पुढे उभा राहिला, हातात छत्री, उन्हासाठी.

साईनाथ वाचू लागला. पँटला हात पुसण्याची सवय आली तेव्हा दोन-तीन माना हलल्या. टाकी वाजवल्याची गोष्ट आली तेव्हा लोक सहदेवकडे बघून हसले, आणि सहदेवही हसला. मग साईनाथने ती ओळ वाचली. 'मागच्या गेटावर पाळी असताना देवरामला झोप लागली आणि मशिनं गेली. तो विकला गेला नव्हता.' आणि पुढे मुलाच्या लग्नाकडे वळला.

पुढचं कुणी ऐकलं नाही. कुजबुज सुरू झाली ती शेवटपर्यंत थांबली नाही. वाचून झाल्यावर लोक पायऱ्या चढू लागले. सहदेव साईनाथजवळ आला.

"साई, तूपण शेवटी पुढारी झालास की रे."

"काय झालं?"

"देवराम झोपला? देवराम? अरे, आम्हाला कुणाला डोळा लागू दिला नाही त्याने. जरा पटेल असं तरी काढायचंस काहीतरी."

"त्याने स्वतः सांगितलं मला."

"सांगणारच ना. मरताना कोण म्हणेल मी पैसे खाल्ले?" सहदेवने छत्री मिटली. "चूक तुझी नाही. मेलेल्याला सांभाळून घ्यायचंच असतं. पण तू घेत नव्हतास, म्हणून ऐकायला यायचो आम्ही."

तो गेला. बाकीचेही गेले. कुणी भांडलं नाही, आणि तेच साईनाथला जास्त लागलं. इतकी वर्षं त्याने गोड लिहिलं नव्हतं, आणि आता जे अगदी खरं होतं तेच लोकांनी गोड समजून बाजूला ठेवलं होतं. देवराम गद्दार होता तो गद्दारच राहिला. वर साईनाथ खोटं वाचतो असं झालं.

मेघना पायरीवर बसली होती. तो तिच्या शेजारी जाऊन बसला.

"कुणालाच पटलं नाही," तो म्हणाला.

"मलासुद्धा पटलं नसतं काका."

त्याने तिच्याकडे बघितलं.

"रागावू नका. टाकी वाजवली ते अर्धं पान आहे. हातोडी कुठली ते आहे, आवाज कसा आला ते आहे. आणि झोप लागली ती एका ओळीत. वर लगेच विकला गेला नव्हता, असं तुम्हीच सांगून टाकलंत. वकिलासारखं. ते कुठे बसले होते, दिवसभर काय केलं होतं, खुर्ची कसली होती, काही नाही. एवढी ताठ राहणारी व्यक्ती त्याच रात्री कशी काय झोपली? ते कुठे आहे?"

"मी विचारलं नाही."

"का?"

साईनाथ खाडीकडे बघत राहिला. घाटाखाली ओहोटीचा चिखल उघडा पडला होता. त्याला कारण माहीत होतं. देवरामची लाज त्याला स्वतःला लागली होती. ती ओळ हातात धरवेना म्हणून त्याने तिथे कमी काम केलं होतं. जिथे हात सगळ्यात जास्त वेळ ठेवायचा, तिथूनच तो पळाला होता. हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याने ते पान परत दिलं असतं.

"आता कुणाला विचारणार?" तो म्हणाला. "तो गेला."

"आई आहेत."

"त्या माझ्याशी बोलतील?"

"माहीत नाही. माझ्याशीच धड बोलत नाहीत."

तेरावं झालं, पाहुणे गेले. साईनाथ आणखी काही दिवस थांबला. मधल्या काळात एका घरून फोन आला होता, म्हातारी गेली होती, त्यांना तो नाही म्हणाला. आधीचं काम परत आलंय, ते दुरुस्त केल्याशिवाय नवं घेत नाही, एवढंच सांगितलं. त्यांना काय कळलं कोण जाणे.

मग एका दुपारी तो गेला. हौसाबाई फरशीवर परात घेऊन तांदूळ निवडत होत्या. ऑक्सिजनचं मशीन परत गेलं होतं. घर फार शांत वाटत होतं.

"बसा," त्या म्हणाल्या. वर बघितलं नाही.

तो खाली बसला. तांदळात बोटं फिरण्याचा आवाज येत होता.

"वहिनी, मी कच्चं काम केलं. वर्षश्राद्धाला परत वाचेन म्हणतो. नीट करून."

"कशाला? ऐकलं ना लोकांनी. खोटं म्हणाले."

"म्हणूनच."

"माझं काय भलं व्हायचंय त्याने? गद्दाराची बायको होते, आता झोपाळूची होईन." त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला. "शेवटचे आठ दिवस मी बोलले नाही त्यांच्याशी. ते लिहिणार का तुम्ही?"

साईनाथने खोटं सांगितलं नाही. "तुम्ही नको म्हणालात तर नाही."

हौसाबाईंनी परात पुढे सारली, जवळ ओढली. मग त्याच सपाट आवाजात बोलू लागल्या, जणू तांदळाशी.

"झोपणार नाही तर काय होईल? पहाटे उठून कल्याणच्या मार्केटला जायचे. हमाली करायला. दुपारी यायचे, दोन घास खायचे, की मंडपात. कुणाला सांगू नको म्हणाले. मंडपात शपथ घेतली होती ना तुम्ही सगळ्यांनी, पगार मिळेपर्यंत दुसरीकडे काम धरायचं नाही म्हणून."

शपथ घेतली होती. गणपतीच्या फोटोवर हात ठेवून घेतली होती. आणि साईनाथ स्वतः उल्हासनगरला एका दुकानात ग्रिल जोडायला जात होता. सहदेव रात्री रिक्षा चालवत होता, हे त्याने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं होतं. सगळेच कुठे ना कुठे जात होते. कुणी कुणाला सांगत नव्हतं. त्या पाच महिन्यांत गेटावर कुणालाही झोप लागू शकली असती. देवरामला लागली.

हे लिहायचं म्हणजे एकट्या देवरामचं लिहून भागणार नव्हतं. सहदेवचं लिहावं लागणार होतं, समोर छत्री घेऊन उभ्या राहणाऱ्या सगळ्यांचं, आणि सगळ्यांत आधी स्वतःचं. ते ऐकून कुणी टाळी वाजवणार नव्हतं. कदाचित यानंतर घाटावर त्याला कुणी बोलावणारही नव्हतं.

त्याने खिशातून कागद काढला. हौसाबाईंनी तो बघितला.

"हे सगळ्यांसमोर वाचणार?"

"वाचणार."

"मग माझंही लिहा. बोलले नाही ते." त्यांनी पदराने नाक पुसलं. "एकट्याचं कशाला?"

साईनाथने पेन उघडलं. कागद गुडघ्यावर टेकवला.

"मार्केटला पोती कसली असायची?"

"कांद्याची," त्या म्हणाल्या. "बटाट्याची पण. बटाट्याचं जास्त जड. खांदा सोलून निघायचा, मी हळद लावायचे. कुठल्या खांद्याला विचाराल, तर उजव्या."